दुपारची पट्टी

९ एप्रिल, सकाळी ६.५०

चि. मुंगीस आशीर्वाद, आणि त्याला जोडून एक तक्रार.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर म्हणशील, काकाने पाच महिन्यांत डोंगरावरही भांडायला माणूस शोधला. हवा इतकी स्वच्छ आहे की समोरच्या उतारावरची फळझाडं इथून मोजता येतात. आकाश निळंशार. तू तुझ्या बाबांशी भांडून मला या दोन खोल्यांत आणून टाकलंस ते बरं केलंस. त्या चौकावरच्या घरात राहिलो असतो तर एव्हाना खोकून खोकून माझा निकाल लागला असता.

तक्रार रबराची आहे. बियांच्या बरण्यांना फडकं लावून वर रबरबँड चढवतो. आठ दिवस झाले की बँड तुटून फळीवर पडलेला. दुकानदाराला दाखवला तर म्हणाला, "आजोबा, एवढं ताणू नका." हे मला सांगतो. एकतीस वर्षं रबराच्या कारखान्यात पट्ट्या ताणून पास-नापास करण्यात गेली, माझ्या सहीशिवाय एक वॉशर फाटकाबाहेर पडला नाही, आणि हा मला ताणायचं शिकवणार. तू तिकडच्या चांगल्या दुकानातले बँड पाठव.

फोन बिघडलाय. सवडीने दुरुस्तीला टाकेन. तसंही फोनवर बोललेलं फाईलला लावता येत नाही, म्हणून पत्रच लिही.

तुझा काका


१६ एप्रिल

ती. काका, इथूनच पाया पडते.

बँडचं पाकीट सोबत आहे. दुकानदाराने विचारलं, ऑफिससाठी का? म्हटलं, नाही हो, एका निवृत्त परीक्षकाची समजूत काढायची आहे.

तुम्ही झाडं मोजत बसता हे वाचून मला भरून आलं. मी रोज त्या चौकातल्या इमारतीच्या गच्चीवर चढते, हवा मोजणारी यंत्रं पुसते, तपासते, फिल्टर बदलते. जुना फिल्टर काढला की बोटांना काजळी लागते ती साबणाने दोनदा धुतली तरी जात नाही. अकरा वर्षं हेच बघते आहे. म्हणून तर तुमच्यासाठी बाबांशी महिनाभर अबोला धरला. ते म्हणत होते, म्हातारा माणूस डोंगरावर एकटा काय करणार. आता तेच शेजाऱ्यांना सांगतात की कल्पना त्यांची होती.

तुमच्या भागात आमचं यंत्र नाही. साहेबांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, फळबागा आणि निळं आकाश, तिथे मोजण्यासारखं आहे काय?

एक गंमत लक्षात आली. पत्रावर वेळ टाकायची तुमची सवय जुनी. हिवाळ्यातल्या सगळ्या पत्रांवर "दुपारी साडेतीन, चहा झाला" असं आहे. आता सगळी पत्रं सकाळची. डोंगरावर राहून माणूस लवकर उठायला लागतो वाटतं.

तुमची मुंगी


२८ एप्रिल, सकाळी ७.०५

चि. मुंगीस आशीर्वाद.

तुझे बँडही गेले. नऊ दिवस टिकले. म्हणजे दुकानदाराची माफी मागणं आलं, पण ते नंतर बघू.

या वेळी तुटायच्या आधीच भिंग लावलं. ताणाला बरोबर आडवे, कंगव्याच्या दातांसारखे शेजारी शेजारी तडे. मुंगे, उन्हाने म्हातारं झालेलं रबर असं फाटत नाही. ते कडक होतं आणि सगळीकडून वेडंवाकडं भेगाळतं. हे तडे शिस्तीचे आहेत. आणि बरण्या तर घरात, सावलीत.

माझ्या पेटाऱ्यात कारखान्यातली रबराची एक चादर अजून आहे. साधं रबर, टिकावं म्हणून घालतात ते औषध त्यात नाही. चाचणीपुरतंच. त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या आणि लाकडी ठोकळ्यांवर ताणून दोन्ही टोकांना खिळे मारले. एक ठोकळा छपराखाली सावलीत, एक बंद कपाटात. तिसरा तुला पाठवतोय. तुझ्या गच्चीवर यंत्राच्या तोंडाशी सावलीत ठेव आणि रोज भिंगाने बघ. तेलकट हात लावू नकोस. तुझं जेवण डब्यातलं असतं हे मला माहीत आहे.

लवकर उठतो असं काही नाही. दुपारी जरा आडवा होतो, इतकंच. वयाचा मान ठेवायला नको?

काका


१४ मे

ती. काका, पाया पडते, हात धुऊन.

तुमचा ठोकळा बारा दिवस गच्चीवर होता. रोज भिंग लावलं. खालच्या बसचालकाने एकदा वर बघून विचारलं, ताई, हवेत मुंग्या शोधताय का? एकही तडा नाही. पट्टी काळी झाली आहे, पण पुसली की खाली गुळगुळीत. ठोकळा परत पाठवते आहे, तुम्हीच बघा.

आता काय समजायचं? शहराच्या धुरात रबर नवंकोरं आणि तुमच्या स्वच्छ हवेत फाटतंय. बाबा म्हणाले, तुझ्या काकाच्या सहवासात रबरालाही ताण येत असेल.

फोन अजून झाला नाही का? शेजारच्या बाईंच्या फोनवर केला होता. त्या म्हणाल्या, काका दुपारी दार लावून घेतात, हाक मारली तर आतून फक्त हात हलवतात. तुम्ही इतके गाढ झोपणारे नव्हतात. बरे आहात ना?

मुंगी


२० मे, सकाळी ६.३०

चि. मुंगीस आशीर्वाद.

बरा आहे. बायकांना सगळ्यात काळजी दिसते. कामाचं बोलू.

तुझी पट्टी मिळाली. कुठल्याही परीक्षकाने डोळे झाकून पास केली असती. माझी छपराखालची पट्टी मात्र आरपार तडकली. कपाटातली जशीच्या तशी. ती तडकली तेव्हाच, तुझी पट्टी यायच्या आधी, मी दोन जोड्या केल्या होत्या. एक जोडी फक्त सकाळी सहा ते दहा बाहेर, दुसरी फक्त बारा ते पाच. बाकी वेळ दोन्ही कपाटात. आठ दिवसांनी भिंग लावलं. सकाळच्या पट्ट्या शाबूत होत्या. दुपारच्या पट्ट्यांवर तडे, शिस्तीत, आडवे. सावलीत ठेवलेल्या असूनसुद्धा.

असे तडे मी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिलेत. कारखान्यात एक लोखंडी पेटी होती. आत जांभळा दिवा आणि पंखा. दिवा लावला की आतली हवा तिखट व्हायची, आणि तिच्यात ठेवलेली ताणलेली पट्टी अशीच फाटायची. अठ्ठेचाळीस तासांत तडा नाही तर माल पास. तो वास नाकात बसून बसून माझं नाक कधीच निकामी झालं. पेटीवरच्या पाटीवर लिहिलेलं असायचं, ओझोन. पण ओझोन तर वर आकाशात असतो ना, पृथ्वीची छत्री म्हणतात तो? तो इथे खाली माझ्या बरण्यांपाशी कशाला येईल? माझं डोकं चालत नाही. तू शिकलेली आहेस, तुझ्या साहेबांना विचार.

काका


२४ मे

काका,

साहेबांना विचारायची गरज पडली नाही. तुमचं पत्र गच्चीवरच वाचलं आणि तिथेच पाण्याच्या टाकीला टेकून बसले. माझ्या डाव्या हाताला जे यंत्र आहे ना, ते ओझोनच मोजतं. अकरा वर्षं मी त्याची देखभाल करते. त्याच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर ठळक लिहिलंय, या यंत्राला रबरी नळी कधीही लावू नये. मी कधी लावली नाही. का लावायची नाही, हे एकदाही विचारलं नाही.

तुम्ही एकतीस वर्षं तो पेटीत तयार केलात आणि तो उघड्यावर असतो हे तुम्हाला माहीत नव्हतं. मी अकरा वर्षं तो उघड्यावर मोजला आणि तो रबर फाडतो हे मला माहीत नव्हतं. एकाच घरातली दोन माणसं, एकाच वायूची दोन टोकं धरून बसलेली. 

ऐका. हा वायू कुठल्याच धुराड्यातून निघत नाही. गाड्यांचा धूर, पेट्रोलची वाफ आणि वरून कडक ऊन, एवढं जमलं की तो हवेतच शिजतो. आमच्या चौकात सकाळी जो धूर उठतो तो वाऱ्याबरोबर सत्तर किलोमीटर चालत दुपारी तुमच्या डोंगराला टेकतो, आणि वाटेत उन्हाने त्याचा ओझोन केलेला असतो. दिसत नाही, डाग पडत नाही, आकाश निळंच. आणि चौकात तो कमी का? तर ताजा धूरच त्याला खाऊन टाकतो. म्हणून आमचा आकडा दरवर्षी मर्यादेच्या आत आणि आम्ही निर्धास्त. खूप उंचावर जो आपल्याला उन्हापासून वाचवतो, तोच हा. तसूभरही वेगळा नाही. जागा बदलली की रबर फाडतो आणि छातीही भाजतो.

छातीचं लिहिताना हात थांबला. हिवाळ्यात तुम्ही दुपारी साडेतीनला पत्र लिहायचात. एप्रिलपासून एकही पत्र दुपारचं नाही. फोन दीड महिना बिघडलेला आहे. हाक मारली तर तुम्ही हात हलवता. मी तुम्हाला धुरातून काढून त्या पेटीत ठेवलं का? काका, खरं सांगा, दुपारी तुम्हाला काय होतं?

मुंगी


२९ मे, सकाळी ७.४०

मुंगे,

फोन बिघडलेला नाही. खणात आहे.

दुपारी बारा वाजले की छातीवर कोणीतरी पट्टा आवळायला लागतं. श्वास अर्ध्यावर जातो आणि अडतो. तीन-चारच्या सुमाराला एक वाक्य पुरं होत नाही, मध्ये दोनदा थांबावं लागतं. फोनवर तुला ते ऐकू आलं असतं. मग तू रजा टाकून आली असतीस, तुझ्या बाबांनी "मी म्हटलं नव्हतं?" सुरू केलं असतं, आणि इथे आणल्याचं खापर तू स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं असतंस. म्हणून खोटं बोललो. सात वाजता पट्टा आपोआप सुटतो, म्हणून मीही म्हणत होतो, वय झालं, दुसरं काय.

आणि हे नीट वाच. तू मला पेटीत ठेवलं नाहीस. पेटी कुठे आहे हे माहीत असतं तर मीच सांगितलं असतं, माझा धंदाच तो. मला नाही कळलं तर तुला कुठून कळणार?

तुझं पत्र आल्यावर काल दुपारभर खिडकी लावून काचेतून बाहेर बघत बसलो. ती हवा तयार करायला आम्हाला दिवा लागायचा, पंखा लागायचा, पोलादी भिंती लागायच्या, आणि झाकण लागलं की नाही हे मी दोनदा तपासायचो. इथे दिवा म्हणजे सूर्य. पेटी म्हणजे ही अख्खी दरी. झाकण नाहीच. आणि सगळं इतकं सुंदर दिसत होतं, मुंगे, एकेक झाड मोजता येत होतं. मला भीती वाटली आणि हातही जोडावेसे वाटले. तुझ्यामाझ्यासारख्यांच्या गाड्यांनी एवढं मोठं यंत्र चालतंय आणि कोणालाच त्याचा आवाज येत नाही.

आता कामाचं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, उन्हाळ्यात दम लागणारे सगळे दुपारनंतरच येतात, मी फुलांच्या परागावर ढकलत होते. आणि शाळेतली मुलं सुट्टीतसुद्धा रोज चार वाजता मैदानावर पळायचा सराव करतात. पळणारा माणूस किती हवा ओढतो ते तुला सांगायला नको. तुझी ती मर्यादा काय आहे ते लिही. आणि यंत्र पाठव. मोजलं नाही तर मर्यादा लावणार कशाला?

काका


१९ जून

ती. काका, पाया पडते आणि रागही आहे. राग समोर आल्यावर काढीन.

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, कोणाच्या काकांच्या बरणीच्या रबरावरून यंत्र हलवता येत नाही. आमच्या गच्चीवरची पट्टी आणि तुमची दुपारची पट्टी, तुम्ही गेल्या पत्रासोबत पाठवलेले दोन्ही ठोकळे मी त्यांच्या टेबलावर ठेवले आणि भिंग हातात दिलं. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ही तुमच्या काकांच्या घराबाहेरची?" म्हटलं, सावलीतली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. म्हणाले, माझी मुलगी सुट्टीत तिकडेच पाठवली आहे, चांगली हवा म्हणून. दुसऱ्याच दिवशी राखीव यंत्र गाडीत चढलं.

आरोग्य केंद्राच्या गच्चीवर ते पाच तारखेपासून चालू आहे. मर्यादा म्हणजे आठ तासांची सरासरी, हवेच्या एका घनमीटरला शंभर मायक्रोग्रॅम. चौदा दिवसांपैकी अकरा दिवस तुमची हवा त्याच्या वर होती. दहा तारखेला एकशे एकसष्ट. आलेख काढला तर दुपारी एक डोंगर उभा राहतो, बाराला चढायला लागतो, चारला शिखर, सातला उतरतो. तुम्ही पत्रात लिहिलेला पट्टा आणि यंत्राचा डोंगर मी एकावर एक ठेवून बघितले. तासाचाही फरक नाही. बारा लाखांचं यंत्र जे सांगतं ते तुमची छाती एप्रिलपासून सांगत होती.

सूचना निघाली आहे. शाळेचा सराव सकाळी सातला. दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी दुपारी घरात, खिडक्या लावून. सत्तर किलोमीटरवरच्या गाड्यांचं काय, यावर बैठक आहे. मी तिथे ठोकळे घेऊन जाणार.

आता माझं. तुम्हाला परत आणायचं म्हणून दोन रात्री विचार केला. पण आणू कुठे? इथे तोच धूर, ज्याच्यापासून पळवलं होतं. शहरातून निघालं तर डोंगर, डोंगरावरून निघालं तर शहर. मी हवेची नोकरी करते आणि माझ्या काकांना श्वास घ्यायला एक जागा मला सांगता येत नाही. तुम्हीच ठरवा. तुम्ही म्हणाल ते मी करीन.

मुंगी


२५ जून, सकाळी ६.५५

चि. मुंगीस आशीर्वाद.

मी इथेच राहणार. धूर चोवीस तास असतो, हा पाहुणा वेळ सांगून येतो आणि वेळ सांगून जातो. अशा पाहुण्याशी निभावता येतं. सकाळी दहापर्यंत बागेत, बाराला खिडक्या बंद, सातला पुन्हा बाहेर. डॉक्टरीणबाईंनी नवं औषध दिलंय, तेही घेतो. माझी परीक्षकाची सही समज.

पण तुझ्या मर्यादेबद्दल एक सांगायचं आहे, ते त्या बैठकीत सांग. आमच्या कारखान्यातही मर्यादा होती. ती ठरवताना आम्ही दरवेळी नवी पट्टी पेटीत ठेवायचो. वीस वर्षं गाडीखाली राबलेली पट्टी कोणी ठेवून बघितली नाही. तुझा शंभरचा आकडा ठरवणाऱ्यांनी जुन्या छात्या धरल्या असतील तर उत्तम. नसतील तर विचारा. आकडा ऐंशी होता त्या दिवशीसुद्धा माझा पट्टा आवळलेला होता. वहीत तारीख आहे.

शाळेच्या फाटकावर रोज एक ताणलेली पट्टी टांगतो आणि शेजारी दोरीला भिंग. मुलं रांग लावतात. काल एक मुलगी बराच वेळ बघून म्हणाली, "आजोबा, हवेला दात आहेत." मी तिला काही समजावलं नाही, बरोबर बोलत होती.

खणातला फोन काढलाय. सकाळी नऊच्या आत कर. दुपारी करू नकोस, मी उचलणार नाही.

काका


१९ ऑक्टोबर, दु. ३.२०, चहा झाला

चि. मुंगीस आशीर्वाद.

वरची वेळ वाचलीस का? बाहेरच्या पायरीवर बसून लिहितोय, दार उघडं आहे, खिडक्याही.

ढगाळ दिवस आले तेव्हाच पट्टा सैल झाला होता, पण मी विश्वास ठेवला नाही. मग ऊन हलकं झालं. रोज एक तास उशिरा खिडकी लावत गेलो, आज लावलीच नाही. सोबत एक पट्टी पाठवतोय. तीस दिवस ताणलेली होती, रोज बारा ते पाच बाहेर. भिंग लावून बघ, एकही तडा नाही. साहेबांना दाखव आणि सांग, हवा अशीही असू शकते. पुढच्या उन्हाळ्यात पाहुणा परत येणार हे मला माहीत आहे. तुमची बैठक दरवेळी पुढच्या महिन्यावर जाते हेही ऐकलं. तोवर ही पट्टी त्यांच्या टेबलावर राहू दे.

समोरचा उतार उन्हात आहे. सकाळी झाडं मोजतोच, पण दुपारी बाहेर बसून सहा महिन्यांत मोजली नव्हती. आत्ता मोजली. प्रत्येक झाडाला एक श्वास, असे दोनशे बारा श्वास घेतले, एकही अर्ध्यावर अडला नाही. चौसष्ट वर्षं मी हे फुकट करत आलो आणि एकदाही मोजलं नव्हतं.

हे पत्र पेटीत टाकून येतो आणि लगेच तुला फोन करतो, म्हणजे हे पोहोचेल तोवर तू ऐकलेलं असशील. एक लांबलचक वाक्य ठरवून ठेवलंय, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये कुठेही न थांबता म्हणायचं. तू मधेच बोलू नकोस.

तुझा काका